तिसऱ्या आठवड्यापासून दुखणारी नडगी: एका रिक्रूटच्या स्ट्रेस फ्रॅक्चरची पूर्ण केस

आधीच सांगतो, ही केस कुणा एका खऱ्या पोराची नाही. सैनिकी ट्रेनिंगमध्ये पायाची जी दुखणी पुन्हापुन्हा दिसतात त्यांचे धागे जोडून ती बनवलीय. म्हणजे पोरगा काल्पनिक, पण त्याच्याबाबतीत जे जे झालं ते कुठल्याही ट्रेनिंग सेंटरमध्ये होतं तसंच. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे एका फटक्यात मोडलेलं हाड नव्हे, पुन्हापुन्हा भार पडून हाडाला होणारी इजा, वाढत गेली तर तडा. अधूनमधून अभ्यासांचे जे आकडे देतोय ते मात्र खऱ्या अभ्यासांतले आहेत.

पोरगा १९ वर्षांचा, उंचीला बॅचमधल्या बहुतेकांपेक्षा कमी, अंगाने बारीक. भरतीची धावण्याची टेस्ट पास झाला पण काठावर. त्या टेस्टसाठी दोनेक महिने जीव तोडून पळला आणि टेस्ट झाली की जॉइनिंगचं लेटर येईपर्यंत जवळजवळ तीन महिने काहीच केलं नाही. त्याआधी खेळ म्हणाल तर थोडंफार पोहणं, मैदानावर धावायचे-उड्या मारायचे खेळ नाहीतच. वर्षभरापूर्वी उजवा घोटा मुरगळला होता, काही दिवस लंगडला, डॉक्टरकडे गेला नाही. दिवसाला पाच-सहा सिगारेटी. यातलं मेडिकलच्या फॉर्मवर काहीच आलं नव्हतं, कारण फॉर्मवर प्रश्न होता की मोठं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालंय का, आणि त्याचं उत्तर खरोखरच नाही असं होतं.

पहिले दोन आठवडे कुणाचेही जातात तसे गेले. नवीन बूट, टाचेला फोड, फोड वाचवायला डावा पाय जरा वाकडा टाकत चालणं. सकाळी पीटी, मग ड्रिल, मग क्लास, मग परत ग्राउंड. तिसऱ्या आठवड्यात पळून झाल्यावर डावी नडगी ठणकायला लागली, थंड झाली की थांबायची. कुणाला बोलला नाही. सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी म्हणून दवाखान्यात नाव दिलं, की तुकडीतली पोरं चिडवतात, इन्स्ट्रक्टरच्या नजरेत येतो, आणि मुख्य भीती अशी की जास्त दिवस गेले तर मागून येणाऱ्या बॅचला टाकतील. शेजारच्या कॉटवाल्याकडे आयब्युप्रोफेनची स्ट्रिप होती, ती सुरू झाली, सकाळी पीटीच्या आधी एक.

चौथ्या आठवड्यात सूज दिसायला लागली म्हणून शेवटी गेला. गर्दीच्या वेळेत गेला, तपासणी दोन मिनिटांत उरकली, निदान शिन स्प्लिंट (नडगीच्या कडेची सूज, हाड शाबूत), तीन दिवस लाइट ड्यूटी. आता ही लाइट ड्यूटी म्हणजे काय ते बघा. पीटी बंद. बाकी मेस ते बॅरक, बॅरक ते ग्राउंड, ग्राउंड ते क्लासरूम हे सगळं चालणं तसंच, आणि पीटीच्या वेळात बसून राहू नये म्हणून स्टोअरमधून सामान उचलून आणायचं काम. नडगीला आराम म्हणून जो दिला तो कागदावरच राहिला.

पाचव्या आठवड्यात पिठ्ठू घेऊन रूट मार्च, पाठीवर साधारण २० किलो. पूर्ण केला, गोळी घेऊन. त्यानंतर दुखणं चालतानाही यायला लागलं, मग रात्री झोपेतही. सहाव्या आठवड्यात सकाळच्या पीटीला एका पायावर उडी मारायला सांगितली आणि तो खालीच बसला.

दुसऱ्यांदा तपासणाऱ्याने घाई केली नाही आणि तिथे केस फिरली. नडगीच्या आतल्या कडेवर वरून खाली अंगठा दाबत आणला. शिन स्प्लिंटमध्ये दुखरी पट्टी लांब असते, चांगली पाच सेंटीमीटर किंवा जास्त, आणि कुठेही दाबलं तरी थोडंथोडं दुखतं. इथे तसं नव्हतं, वर काही नाही, खाली काही नाही, मधला आणि खालचा तिसरा भाग जिथे मिळतो तिथे एका बोटाच्या रुंदीएवढ्या जागेवर पोरगा किंचाळला. एकाच बिंदूवर दुखणं, एका पायावर उडी मारता न येणं आणि रात्रीचं दुखणं, हे तिन्ही एकत्र आलं की हाडाचा संशय घ्यायचा, मग एक्स-रे काहीही म्हणो. आणि एक्स-रे काहीच म्हणाला नाही, नॉर्मल आला. सुरुवातीच्या आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर बहुतेक वेळा एक्स-रेवर दिसतच नाही, हाड भरून यायला लागतं तेव्हा कुठे पांढरट सावली येते, त्यामुळे 'एक्स-रे क्लिअर आहे, पळ' हे वाक्य या दुखण्यात सगळ्यात महाग पडतं. एमआरआय केला तर टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, आतल्या मज्जेत सूज स्पष्ट, फ्रॅक्चरची रेघ मात्र नाही. रेडिओलॉजिस्ट वापरतात त्या फ्रेडरिक्सन मापात ग्रेड ३. रेघ उमटली असती तर ग्रेड ४.

हा आजार सैन्याने जगाला दिलेला आहे असं म्हटलं तरी चालेल. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने मार्च करून करून पाय सुजलेल्या सैनिकांचं वर्णन लिहिलं तेव्हा एक्स-रे नव्हताच. १८९७ मध्ये अशा पायांचे एक्स-रे काढल्यावर कळलं की त्या सुजेखाली पावलाचं हाड तडकलेलं असतं. मार्च फ्रॅक्चर हे नाव तिथून आलं. इतकी जुनी ओळख असून अमेरिकन लष्कराच्या बेसिक ट्रेनिंगमध्ये साधारण चारपैकी एका पुरुषाला आणि दोनपैकी एका बाईला ट्रेनिंग संपेपर्यंत कसली ना कसली दुखापत होते असंच अनेक वर्षांचे अभ्यास सांगत आलेत, आणि त्यातल्या बहुतेक कमरेखालच्या.

तिसराच आठवडा का? हाडावर नेहमीपेक्षा जास्त भार पडला की शरीर ते हाड मजबूत करायला घेतं, पण मजबूत करायच्या आधी जुना भाग पोखरून काढतं. खराब रस्ता नवा करायचा तर आधी खणावा लागतो आणि खणलेला असताना तो आधीपेक्षा वाईट असतो, तसंच. पोखरणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, नवीन हाड भरून पक्कं व्हायला तीनेक महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास हाड सगळ्यात कच्चं असतं आणि बहुतेक टाइमटेबलात नेमकं तेव्हाच पहिलं मोठं अंतर, पहिला मोठा मार्च येतो. फुप्फुसं आणि स्नायू मात्र तोवर तयार झालेले असतात, पोरगा दमत नाही, त्यामुळे त्याला स्वतःलाही वाटतं की आपण फिट होतोय. होतोयच, फक्त हाड मागे पडलंय.

आता कारण शोधायची वेळ आली आणि सगळ्यांनी पहिल्यांदा काय बघितलं? बूट. मग पाय सपाट आहे का. मग पोरगा स्ट्रेचिंग नीट करत होता का. हे तिन्ही संशय जुने आणि लाडके आहेत, आणि तिन्ही बऱ्यापैकी पोकळ निघालेत. पायाच्या ठेवणीनुसार बूट वाटून बघायचा प्रयोग अमेरिकेच्या आर्मीत, एअर फोर्समध्ये आणि मरीनमध्ये तिन्हीकडे झाला, दुखापती कमी झाल्या नाहीत. सपाट पायांचं तर उलटंच, अमेरिकन पायदळाच्या रिक्रूटांमध्ये १९९३ च्या अभ्यासात सपाट पायवाल्यांना सगळ्यात कमी दुखापती आणि उंच कमान असलेल्यांना जास्त. (सपाट पाय म्हणून भरतीत बाद झालेल्यांनी हे वाचून डोकं धरू नये.) व्यायामाआधीच्या स्ट्रेचिंगवर ऑस्ट्रेलियन आर्मीत १५३८ रिक्रूटांवर चाचणी झाली, २००० साली छापून आली, अर्ध्यांनी स्ट्रेचिंग केलं अर्ध्यांनी नाही, दुखापतींत म्हणण्यासारखा फरक नाही. पण त्याच चाचणीत दुसरी गोष्ट सापडली जी जास्त कामाची आहे: शटल रनच्या (दोन रेघांमध्ये वाढत्या वेगाने येरझाऱ्या पळायच्या) टेस्टमध्ये सगळ्यात कमी फिट असलेल्यांना सगळ्यात फिट असलेल्यांपेक्षा पायाच्या दुखापतीचा धोका १४ पट होता.

आपल्या पोराचं पहिलं कारण इथेच आहे. काठावर पास झालेला. जे अंतर तुकडीतल्या मजबूत पोराला निम्म्या ताकदीत जमतं तेच याला पूर्ण ताकद लावून करावं लागतं, रोज, म्हणजे एकाच टाइमटेबलात दोघं असले तरी दोघांचं ट्रेनिंग एक नाही. बायकांना जास्त दुखापती होतात या आकड्यामागेही बराचसा हाच हिशोब आहे, धावण्याची क्षमता सारखी असलेले पुरुष आणि बायका शेजारी ठेवून बघितले की फरक पुष्कळसा विरघळतो. अर्थात सगळा नाही, स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये कमी खाणं आणि पाळी अनियमित होणं हा बायकांचा वेगळा धोका आहे आणि तो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुसरं, मधले ते तीन महिने. दोन महिने पळून जे कमावलं होतं ते बसून घालवलं आणि मग एकदम शून्यावरून रोजच्या पीटीवर. त्याआधीचं आयुष्यही हाडाच्या दृष्टीने सपाटच, पोहण्याने दम वाढतो पण पाण्यात हाडावर धक्के बसत नाहीत आणि हाडाला धक्केच कळतात. इस्रायली सैन्यातल्या रिक्रूटांवर झालेल्या अभ्यासांमध्ये भरतीआधी किमान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे बॉलचे खेळ खेळलेल्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून कमी आढळले, नुसतं पळणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. सगळ्या दिशांनी उड्या, वळणं, थांबणं यात हाड चहूबाजूंनी जाड होत असावं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मी तरी हेच सांगेन की नुसते राउंड मारू नका, खेळा, आणि टेस्टनंतर थांबू नका.

सिगारेट आणि जुना मुरगळलेला घोटा हे दोन्ही अभ्यासांत पुन्हापुन्हा येणारे धोके. इथे घोटा उजवा आणि फ्रॅक्चर डाव्या पायात, उजवा वाचवायच्या सवयीने डाव्यावर भार जास्त पडला असेल का? असू शकतं, सिद्ध करता येणार नाही. रक्तात व्हिटॅमिन डी कमी निघालं, ते मात्र गांभीर्याने घ्यायचं. अमेरिकन नेव्हीच्या ५२०१ महिला रिक्रूटांवर आठ आठवडे रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट व्हिटॅमिन डी देऊन बघितलं होतं, २००८ साली निकाल आले, स्ट्रेस फ्रॅक्चर साधारण २० टक्क्यांनी कमी. वाईट नाही, पण २० टक्के म्हणजे १०० नाही, गोळ्या वाटल्या आणि टाइमटेबल तसंच ठेवलं तर बाकीचे ८० तिथेच आहेत.

आणि मग टाइमटेबल. मला ही केस लिहावीशी वाटली ती या भागासाठी.

चार्टवर आठवड्याचं धावणं लिहिलेलं होतं १४ किलोमीटर, त्यात कुणालाच काही गैर दिसेना. मग फिजिओथेरपिस्टने एक साधी गोष्ट केली, पोराला समोर बसवून उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस लिहून काढला, कुठून कुठे, चालत की पळत, हातात-पाठीवर काय. मेस लांब, फायरिंगची रेंज त्याहून लांब, आणि रिक्रूटाने कॅम्पमध्ये चालायचं नाही, डबलनेच म्हणजे पळतच जायचं असा नियम. शिक्षा म्हणून मारलेले राउंड वेगळे, ते कुठल्याच चार्टवर नसतात. ड्रिलमध्ये कडक जमिनीवर टाच आपटणं, ते तर किलोमीटरमध्ये मोजताच येत नाही. हिशोब केला तर चार्टवरचं अंतर खऱ्या अंतराच्या पाव भागाएवढंही नव्हतं. अमेरिकन आर्मीत रिक्रूटांना पेडोमीटर लावून मोजलं होतं तेव्हाही दिवसाला सरासरी १६ हजारांवर पावलं, १२ किलोमीटरच्या जवळपास, निघाली होती. पीटीवाला पीटी मोजतो, ड्रिलवाला ड्रिल, हत्यारवाला आपला पिरियड, आणि पोराचा पाय मात्र एकच असतो जो या सगळ्यांची बेरीज करतो.

दुसरी गोष्ट, तो उभा कुठे होता. तुकडीत उंच पोरं पुढे, बुटकी मागे, हा मागून दुसऱ्या रांगेत. कदम पुढच्यांच्या मापाने पडतात आणि मागच्याला ते माप गाठायला प्रत्येक पावलाला पाय ताणावा लागतो, शिवाय मागची रांग सतत तुटते म्हणून पळत जाऊन जोडायची. मार्चमध्ये तासन्तास हेच. याबद्दल सगळ्यात बोलका पुरावा परत ऑस्ट्रेलियन आर्मीचा. तिथे महिला रिक्रूटांमध्ये ओटीपोटाच्या हाडाचे स्ट्रेस फ्रॅक्चर ११.२ टक्क्यांपर्यंत गेले होते. त्यांनी मार्चचा वेग ताशी ७.५ किलोमीटरवरून ५ वर आणला, एका मापात पाऊल टाकायची सक्ती काढून ज्याच्या त्याच्या लांबीने चालू दिलं, रांगांमधलं अंतर वाढवलं, मऊ जमिनीवर पळवलं, लांब पळण्याऐवजी इंटरव्हल (थोडं पळणं, थोडी विश्रांती) आणले. प्रमाण ०.६ टक्क्यांवर आलं. त्यात ना महागडे बूट ना औषध. यातल्या नेमक्या कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येत नाही कारण सगळं एकदमच बदललं, पण ११ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलेला आकडा बघून त्यावर वाद घालायचा मला तरी उत्साह राहत नाही.

'ट्रेनिंग कमी केलं तर सैनिक कच्चे निघतील' हा आक्षेप येणारच, इथेही आला. अमेरिकेच्या मरीनमध्ये धावण्याचं अंतर सुमारे ४० टक्के कमी करून बघितलं होतं, स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून जास्त घटले आणि तीन मैलांची वेळ थोडीशीच वाढली. इस्रायलमध्ये रात्री किमान ६ तास झोप सक्तीची केली आणि एकूण मार्चिंग कमी केलं, तर ६० टक्क्यांहून जास्त घट. झोपेचं इथलं चित्र विचाराल तर दिवे दहाला बंद, उठायचं साडेचारला, मधे दोन तास गार्ड, त्यात बूट पॉलिश आणि किट लावणं दिवे गेल्यावर टॉर्चच्या उजेडात. सहा तास कुठल्याच रात्री भरत नव्हते.

आयब्युप्रोफेनबद्दल दोन शब्द. तिसऱ्या आठवड्यात गोळी नसती तर तो तेव्हाच थांबला असता, बहुधा ग्रेड १ वर, आणि दोन-तीन आठवड्यांत परत मैदानात. अमेरिकन सैनिकांच्या नोंदींत अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर जास्त दिसलेत, आता गोळीमुळे हाड बिघडतं की हाड दुखतंय म्हणून गोळी घेतली जाते हे नोंदींवरून पक्कं सांगता येत नाही, पण इथे तिने दुखणं झाकलं एवढं पुरेसं आहे.

एक गोष्ट या केसमध्ये नशिबाने नव्हती ती सांगून ठेवतो, कारण वाचणाऱ्यांत कुणी ट्रेनिंगला असेल. दुखणं नडगीत नसून जांघेत असेल, भार टाकला की खुपत असेल, तर एक दिवसही अंगावर काढायचं नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असू शकतो, त्यातही वरच्या बाजूचा असेल तर हाड सरकून खुब्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, तातडीने ऑपरेशन लागतं आणि करिअर जाऊ शकतं. एमआरआय होईपर्यंत कुबड्या, बाकी चर्चा नंतर.

उपचार तसे कंटाळवाणेच. पहिले दोन आठवडे कुबड्या, दुखल्याशिवाय चालता आल्यावर त्या बंद. सायकल आणि पाण्यात पळणं लगेच सुरू, म्हणजे दम जाऊ नये. पोटरी आणि खुब्याचे स्नायू वाढवायचे व्यायाम, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पोटभर जेवण, सिगारेट बंद (कमी झाली, बंद नाही). उपचारांच्या आठव्या आठवड्याला अंगठा दाबून दुखणं नाही आणि एका पायावर उड्या जमल्या तेव्हा एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं, एक दिवसाआड, दर आठवड्याला थोडं वाढवत. पिठ्ठू सगळ्यात शेवटी. ज्याला घाबरून तो गप्प बसला होता तेच झालं, पुढच्या बॅचला गेला. पण घरी नाही पाठवला, यालाही महत्त्व आहे.

सेंटरला जो रिपोर्ट गेला त्यात पाच सूचना होत्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातलं लांब धावणं कमी करायचं, हे मान्य झालं. फिटनेस टेस्टवरून धावण्याचे गट वेगळे, मान्य. रूट मार्चला बुटकी पोरं पुढे आणि पावलाचं माप मोकळं, मार्चपुरतं मान्य, ड्रिल ग्राउंडवर नाही, तिथे परेडची शोभा जाते म्हणे. लाइट ड्यूटीच्या चिठ्ठीवर काय करायचं नाही यासोबत किती चालायचं तेही लिहायचं, हे डॉक्टरांच्याच हातात होतं म्हणून दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सहा तास झोप, नामंजूर, गार्डला माणसं पुरत नाहीत.

पोरगा पुढच्या बॅचसोबत पास झाला. रूट मार्च दुसऱ्या रांगेतून केला, पुढून दुसऱ्या. लांब मार्चनंतर डावी नडगी अजून कधीतरी बोलते आणि आता तो त्याच दिवशी जाऊन सांगतो.